आठ आठवडे, सहा किलो

मुकुंद टेंभेकर चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागाचा प्रमुख होता. कंपनी गिअरचे सुटे भाग बनवायची. एकोणीस वर्षं त्याचं काम एकच होतं. चार पुरवठादारांकडून कोटेशनं मागवायची, ती शेजारी शेजारी मांडायची, नमुने तपासून घ्यायचे आणि मगच ऑर्डर सोडायची. त्याने घेतलेला माल सहसा परत पाठवावा लागत नसे, आणि याचा त्याला थोडा अभिमानही होता.

त्याचा धाकटा भाऊ अवधूत आकुर्डीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप शिकवायचा. दोघांत सहा वर्षांचं अंतर. आई-वडील गेल्यापासून अवधूत कुठलीही मोठी गोष्ट मुकुंदला विचारल्याशिवाय करत नसे. फ्लॅट कुठे घ्यायचा, मुलगी पूर्वी हिला कोणत्या शाळेत घालायचं, सगळं दादाला विचारून.

अवधूत अडतीस वर्षांचा असताना त्याचे डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ समजून महिनाभर पथ्यपाणी झालं. मग पोटात पाणी भरलं, पाय सुजले, तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटते, तसला आजार होता आणि तो बरीच वर्षं आत चालू असणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. अवधूतने दारू कधी चाखलीही नव्हती. तरी कॉलेजातल्या दोघा-तिघांनी त्याच्या बायकोला, प्राजक्ताला, बाजूला घेऊन विचारलंच, की सर कधीपासून घेत होते.

लिव्हर बदलण्याला पर्याय नव्हता. मृत दात्याच्या यादीत नाव घातलं, पण ती यादी लांबलचक होती. घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा भाग दिला तर लवकर होईल, असं डॉक्टर म्हणाले. अवधूतचा रक्तगट ओ, प्राजक्ताचा बी. तिचं चालणार नव्हतं. मुकुंदचा ओ होता. हॉस्पिटलच्या त्या लांब कॉरिडॉरमध्ये, कुणी काही विचारायच्या आधीच, मुकुंद म्हणाला की मी देतो. प्राजक्ताने तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, वाकून त्याच्या पायांना हात लावला. मुकुंदने तिला घाईघाईने उठवलं. पुढे कितीतरी दिवस त्याला तो क्षण आठवत राहिला, आणि तो का आठवतो हे तो स्वतःलाही सांगत नसे.

तपासण्या झाल्या. हृदय, फुप्फुसं, रक्त, सगळं ठीक. फक्त लिव्हरवर चरबी होती, बावीस टक्क्यांच्या आसपास. खुर्चीवरची नोकरी, कंपनीच्या बसमधला रोजचा सव्वा तासाचा प्रवास आणि कॅन्टीनचं जेवण, याने ती साठली होती. मुकुंदला ती कधी जाणवलीही नव्हती. चरबी दहा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भाग काढता येणार नाही, कारण तो अवधूतलाही धोका आणि मुकुंदलाही. डॉक्टरांनी मुदत दिली आठ आठवड्यांची. वजन चौऱ्याऐंशी होतं, ते अठ्ठ्याहत्तरवर आणायचं. मोजून खायचं, तळलेलं आणि गोड बंद, रोज तासभर भरभर चालायचं. बरेच जण हे करून दाखवतात, असंही ते म्हणाले.

मुकुंदने विचारलं, की यावर एखादं औषध नाही का.

डॉक्टर म्हणाले, की फॅटी लिव्हरच्या काही पेशंटना आम्ही व्हिटॅमिन ई देतो, सगळ्यांना नाही. तुमच्या कामाला त्याचा उपयोग नाही. तुम्ही वजन उतरवा.

त्या सगळ्या बोलण्यातलं मुकुंदच्या लक्षात राहिलं ते व्हिटॅमिन ई.

निघण्याआधी रश्मी नावाच्या समन्वयकाने त्याला एकट्याला आपल्या छोट्या केबिनमध्ये बसवलं. दाते आणि डॉक्टर यांच्यामधलं सगळं तीच पाहायची. तिशीतली, शांत बोलणारी बाई.

“मुकुंद सर, एक गोष्ट मी प्रत्येक दात्याला एकट्याला सांगते,” ती म्हणाली. “तुम्हाला द्यायचं नसेल, तर आज सांगा, पुढच्या आठवड्यात सांगा, अगदी ऑपरेशनच्या सकाळी सांगा. घरच्यांना आम्ही एवढंच कळवतो की तुमचं लिव्हर बसत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जात नाही.”

आणखी एक तिने समजावून सांगितलं. तुम्ही नसाल तर मार्ग संपत नाही. ज्यांच्या घरातही असाच रक्तगट जुळत नाही, अशा दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करता येते. प्राजक्ताने त्यांच्या पेशंटला द्यायचं, त्यांच्यातल्या कुणी अवधूतला. पण जोडी जुळायला वेळ लागतो, परवानग्या लागतात. म्हणून जे काय असेल ते लवकर सांगा.

मुकुंद थोडा रागावलाच. माझा सख्खा भाऊ आहे, असं म्हणून तो उठला.

पहिल्या सोमवारी पहाटे उठून तो निगडीच्या दुर्गा टेकडीवर गेला. मंगळवारी गेला, गुरुवारी गेला. शुक्रवारी कंपनीत ऑडिट होतं. पद्मा, त्याची बायको, डब्यात ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ आणि काकडी द्यायची. तो डबा तो खायचा, आणि बाराच्या सुमारास सहकाऱ्यांबरोबर कॅन्टीनलाही जाऊन बसायचा. नुसतं बसायला म्हणून. मग गुरुवारची पुरी-भाजी समोर आली की दोन पुऱ्या घ्यायचा.

व्हिटॅमिन ईचा शोध मात्र त्याने मन लावून घेतला.

चौकातल्या मेडिकलवाल्या जयसिंगने त्याला नेहमीची हिरव्या कॅप्सूलची पट्टी काढून दिली आणि म्हणाला, की कॉलेजच्या मुली ह्या फोडून चेहऱ्याला लावतात, लिव्हरसाठी मागणारे तुम्ही पहिलेच. मुकुंदने पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. घरी येऊन तासभर मोबाइलवर वाचत बसला तेव्हा कळलं, की रासायनिक नावाच्या सुरुवातीला नुसता ‘डी’ असेल तर ते नैसर्गिक, तेलबियांपासून काढलेलं. ‘डीएल’ असेल तर रसायनशाळेत बनवलेलं. लिव्हरवरचे जे गाजलेले प्रयोग होते ते नैसर्गिकचे होते, रोज आठशे युनिटचे. हिरव्या पट्टीवर ‘डीएल’ होतं, ती परत गेली.

मग त्याने ऑफिसात करायचा तसा तक्ता केला. अकरा कंपन्या उभ्या, नऊ रकाने आडवे. नैसर्गिक की कृत्रिम, एका कॅप्सूलमध्ये किती युनिट, तेल कुठलं, बाहेरच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आहे का, बाटली काचेची की प्लॅस्टिकची, मुदत कधी संपते. तीन कंपन्यांना त्याने मेल करून तपासणीचे अहवाल मागवले. एकाने पाठवला, त्यातली तारीख जुनी निघाली. वाचता वाचता त्याला एके ठिकाणी हेही दिसलं, की ते प्रयोग जवळजवळ दोन वर्षं चालले होते आणि आठ आठवड्यांत काय होतं याबद्दल त्यात काहीच नव्हतं. ते वाक्य त्याने वाचलं आणि खाली सरकला.

शेवटी परदेशी कंपनीची एक बाटली ठरली. ती यायला नऊ दिवस लागले. आली तर झाकणाचं सील उघडलेलं. परत पाठवली. दुसरी यायला आणखी आठवडा. या सगळ्याची खबर तो अवधूतला फोनवर नेमाने देत होता आणि अवधूत हसून म्हणायचा, दादा, तू कॅप्सूल घेतोयस की बेअरिंग.

दुसरी बाटली हातात आली तेव्हा चौथा आठवडा सरत होता. वजन त्र्याऐंशी.

पद्मा हे सगळं पाहत होती. ती प्राधिकरणातल्या एका शाळेत गणित शिकवायची. आठ आठवड्यांतले चार गेले आणि सहा किलोंतला एक गेला, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पहाटे पाचचा गजर झाला की मुकुंद तो बंद करून कूस बदलायचा. ती जागीच असायची. एकदाही तिने त्याला हलवून उठवलं नाही. ऑपरेशनच्या माहितीची पुस्तिका हॉस्पिटलने दिली होती, त्यात दात्याच्या पोटावरच्या छेदाचं चित्र होतं. ते पान दोघांनीही वेगवेगळ्या वेळी पाहिलं होतं आणि त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात, एका रविवारी, मुकुंद आकुर्डीला गेला. अवधूत पलंगावर उशांना टेकून बसला होता. हातपाय काड्यांसारखे आणि पोट टम्म. प्राजक्ता पूर्वीला घेऊन खाली भाजी आणायला गेली होती. कदाचित अवधूतनेच त्यांना पाठवलं असेल.

थोडा वेळ कॉलेजच्या गप्पा झाल्या. मग अवधूत म्हणाला, “दादा, तुला भीती वाटत असेल तर मला सांग. मी प्राजक्ताला काही कळू देणार नाही. आपण दुसरं काहीतरी बघू.”

तो हे अगदी साध्या आवाजात बोलला, लहानपणी सायकल मागायचा तसा.

“काहीतरीच काय बोलतोस,” मुकुंद म्हणाला. “रोज आठशे युनिट घेतोय मी. नैसर्गिक. रिपोर्ट बघच तू.”

अवधूत त्याच्याकडे बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, बरं. आणि डोळे मिटून घेतले. मुकुंदला वाटलं की तो दमलाय. प्राजक्ता वर आली तेव्हा मुकुंद बूट घालत होता.

आठ आठवडे झाले. वजन साडेब्याऐंशी, चरबी अठरा टक्के. डॉक्टरांनी दोन्ही आकडे वाचले आणि कागद खाली ठेवला. आवाज चढवला नाही. आता आणखी मुदत देण्यासारखी अवधूतची स्थिती नाही, दात्याचं काम तुमच्याकडून होणार नाही, एवढंच म्हणाले. मुकुंदने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. ती रोज नियमाने घेत होतो, हे त्यांना कळावं म्हणून. रश्मीने ती उचलून पाहिली आणि विचारलं, की हे घेताय ते आम्हाला का सांगितलं नाहीत. इतक्या डोसने रक्तस्राव वाढू शकतो. तुमचं ऑपरेशन ठरलं असतं तर ही आधी बंदच करायला लावली असती.

बाहेर आल्यावर ती त्याच्यासोबत लिफ्टपर्यंत चालत आली.

“तुम्ही पहिल्या आठवड्यात नाही म्हणाला असतात, तर प्राजक्ताताईंचं नाव तेव्हाच अदलाबदलीसाठी घातलं असतं,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. झालेली गोष्ट ती सांगत होती. म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

त्याच दुपारी प्राजक्ताने अर्ज भरला. तिच्या तपासण्या चार दिवसांत झाल्या, सगळ्या निर्दोष. तिसऱ्या आठवड्यात नाशिकचं एक कुटुंब जुळलं. तिथे नवरा दात्याच्या वयात बसत होता, रक्तगट ओ, पण बायकोच्या रक्तात काही घटक असे होते की त्याचं लिव्हर तिला चालत नव्हतं. तिचा रक्तगट बी. त्याचं अवधूतला चालणार होतं, प्राजक्ताचं तिला. परवानगी देणाऱ्या समितीसमोर चौघं बसले, कागदपत्रं झाली, तारीख ठरली.

या दिवसांत मुकुंद रोज पहाटे टेकडीवर जात होता. कुणी सांगितलं नव्हतं, उपयोगही उरला नव्हता. पावणेपाचला उठायचा, तासाच्या जागी दीड तास चालायचा, कॅन्टीनच्या दिशेला फिरकायचा नाही. जमतं आहे, पहिल्या दिवसापासून जमलं असतं, हे त्याला रोज चढ चढताना कळत होतं, आणि तरी तो चढत होता.

तारखेच्या अकरा दिवस आधी अवधूतला ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला होता. दोन दिवस औषधं लागू पडताहेत असं वाटलं, मग किडनी निकामी झाली. अतिदक्षता विभागात मुकुंदला पाच मिनिटं आत सोडलं, तेव्हा अवधूत शुद्धीवर नव्हता. मुकुंद त्याच्या पायाशी उभा राहिला. काही बोलावं असं त्याला फार वाटत होतं, पण शेजारी नर्स होती. मंगळवारी दुपारी अवधूत गेला. तारीख पुढच्या सोमवारची होती.

दहाव्या दिवशी आळंदीला इंद्रायणीकाठी विधी झाले. नातेवाईक मुकुंदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, तू तर द्यायला तयार होतास, तुझं लिव्हरच बसलं नाही, त्याला तू काय करणार. कारण हॉस्पिटलने कुणालाही यापेक्षा जास्त सांगितलं नव्हतं. मुकुंद मान खाली घालून ऐकत होता. पद्माने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

त्या रात्रीपासून ती दोघं नीट बोलेनाशी झाली. महिन्याभराने एका सकाळी, चहा गाळता गाळता, पद्माच म्हणाली, की मी तुम्हाला उठवायला हवं होतं. मला तुम्ही त्या ऑपरेशनच्या टेबलावर नको होतात, म्हणून मी उठवलं नाही. मुकुंदने तिच्या हातातून गाळणं घेतलं. उरलेला चहा त्याने गाळला.

त्या बोलण्यानंतर त्याला राहवेना. शनिवारी तो आकुर्डीला गेला. पूर्वी क्लासला गेली होती. प्राजक्ता कॉलेजातून आणलेलं अवधूतच्या कपाटातलं सामान लावत होती. एप्रन, ड्रॉइंगच्या पट्ट्या, मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या. मुकुंद समोर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. केबिनमध्ये रश्मी काय म्हणाली होती ते, बंद केलेले गजर, कॅन्टीन, रविवारी अवधूतने विचारलं तेही. आपण सहा किलो उतरवू शकत होतो आणि उतरवले नाहीत, कारण ते उतरले असते तर टेबलावर जावं लागलं असतं. आणि नाही म्हणण्याचीही हिंमत झाली नाही, कारण सगळे आपल्याला देणारा म्हणून ओळखू लागले होते. बाटली निवडण्यात आपण दिवस काढले. हे तेव्हा असं स्पष्ट कळलं नव्हतं, पण अगदीच कळलं नव्हतं असंही नाही.

प्राजक्ता वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन ऐकत होती.

“भाऊजी, भीती मलाही वाटली असती,” ती शेवटी म्हणाली. “पण मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही होतात ना.”

मुकुंदने रडणं आवरलं. इथे रडायचा हक्क आपला नाही असं त्याला वाटलं.

ती पुढे म्हणाली, की नाशिकहून त्या माणसाचा फोन आला होता. आमचं काही नाही, तुमचं फार वाईट झालं, असं म्हणाला. पण मागे त्याची बायको खोकत होती ते ऐकू येत होतं. आता त्यांना पुन्हा पहिल्यापासून जोडी शोधायची होती. मुकुंदने विचारलं, की मी त्यांना देऊ शकतो का, आता चरबीही कमी झाली असेल. प्राजक्ताने आधीच रश्मीला विचारलं होतं, की मी स्वतः देऊ का. कायद्याने अशा तऱ्हेने परक्याला सहजी देता येत नाही. या दोन कुटुंबांची जोडी अवधूतमुळे होती, आणि तो नव्हता.

तो निघाला तेव्हा प्राजक्ता दारापर्यंत आली.

“पूर्वीला हे मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तिला सगळे सांगतात की काकाने खूप प्रयत्न केले. ती मोठी झाली की तुम्ही सांगा. मी सांगितलं तर त्यात माझा राग येईल.”

मुकुंदने हो म्हटलं. या वेळी हो म्हणताना त्याने घाई केली नाही, पण त्यामुळे काही सोपं झालं नाही.

याला आता दोन वर्षं झाली. मुकुंद अजून त्याच कंपनीत आहे. प्राजक्ताला अवधूतच्या कॉलेजात ऑफिसमध्ये नोकरी लागली. नाशिकच्या बाईंचं पुढे काय झालं ते त्याने एकदा रश्मीला फोन करून विचारलं; ते आम्ही सांगू शकत नाही, असं ती म्हणाली आणि त्याची तब्येत विचारून फोन ठेवला.

पूर्वी बारा वर्षांची आहे. दर रविवारी मुकुंद तिला पोहायला घेऊन जातो. ती मागच्या सीटवर बसून शाळेतल्या मैत्रिणींचं, सरांचं, काय काय सांगत असते. बाबाचं नाव आलं की मुकुंदचे हात स्टिअरिंगवर घट्ट होतात. गेल्या रविवारी तिने विचारलं, “काका, बाबा लहानपणी पोहायला घाबरायचा, हे खरं का?”

मुकुंदने गाडी बाजूला घेतली. खरं आहे, असं तो म्हणाला. सुरुवातीला फार घाबरायचा, आणि घाबरतोय हे सगळ्यांना सांगायचा. मग शिकला. एवढं बोलून तो थांबला. पुढचं सांगण्यासाठी त्याने तोंड उघडलंही होतं, पण मागे पूर्वी हसत होती, आणि तलावाची वेळ झाली होती. त्याने गाडी सुरू केली.